टॉवेल-टोपी

लहवित, ता. ७ जानेवारी

मोहिनी,

सगळं बदललं ते काल दुपारी पावणेचारला, तुझ्या आईच्या शिलाई मशीनच्या फळीवर मला नवा टॉवेल, पांढरी टोपी आणि नारळ दिसला तेव्हा.

तू म्हणशील, झालं याचं सुरू. होऊ दे. फोनवर तू मला डिसेंबरपासून ब्लॉक केलं आहेस (एका दिवसात चाळीस मेसेज माणूस करत नाही, हे मला मान्य आहे) आणि आश्रमशाळेत तशीही रेंज नाही. म्हणून कागद. हरसूलच्या बाजाराला पिकअप नेणारा काळू आमच्या मळ्यातूनच झेंडू भरतो. तो तुझ्या शाळेच्या फाटकावर देईल. फाडलंस तरी चालेल, पण वाचून फाड.

शेवंतीच्या दोन जुड्या उरल्या म्हणून काकूंना द्यायला कॅम्पात गेलो होतो. उरल्या नव्हत्या, मी काढून ठेवल्या होत्या. काकू फौजी पोरांच्या वर्दीवर नावाच्या पट्ट्या शिवत बसल्या होत्या. मी दारात दिसताच त्यांनी त्या तीन वस्तूंवर ब्लाऊजपीस टाकलं. पटकन. तुझी आई पटकन काही करणारी बाई नाही, मोहिनी. सुई ओवायच्या आधीसुद्धा ती दोरा दोनदा बघते.

मी विचारलं, काकू, सत्कार कोणाचा? त्या म्हणाल्या, चहा घेतो का. म्हणजे उत्तर नाहीच.

आता तूच सांग, आपल्याकडे टॉवेल-टोपी-नारळ कोणाला देतात? सरपंच निवडून आला, गुरुजी रिटायर झाले, बाहेरचा मोठा पाहुणा आला, त्याला. आणि कॅम्पात सध्या एकाच पाहुण्याची वाट बघणं चालू आहे. रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागला, गटारांवर फरशा पडल्या, बाजारातली कुत्रीसुद्धा उचलून नेली. दोन फेब्रुवारीला तो येणार. शत्रूच्या देशाचा प्रमुख आपल्या टेकडीवरच्या वीरस्तंभावर पुष्पचक्र वाहणार. तह व्हायचाय म्हणे. सतरा वर्षांपूर्वी त्या बर्फातल्या आघाडीवर पलीकडचा सेनापती हाच होता. याच्या हुकमानं तुझ्या बाबांची चौकी उडाली. स्तंभाच्या सातव्या ओळीत ‘नायक देवराम’ आहे ते याच्यामुळे, आणि तेवढंच आहे. घरी ना बाबा आले, ना त्यांचं काही. आता त्याच ओळीखाली हा फुलं ठेवणार आणि आपण टाळ्या वाजवणार?

आणि तुझी आई त्याला टोपी घालणार?

मला खोटं ठरव. मला खोटं ठरायला आवडेल.

धनराज

•

आश्रमशाळा, हरसूलजवळ
ता. ११ जानेवारी

धनराज,

पत्र मिळालं. फाडलं नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर पोरींकडून तेराचा पाढा लिहून घेतला.

टॉवेल-टोपी आमच्या हेडमास्तरांसाठी आहे. ते महिनाअखेर रिटायर होतायत. इथे चांगला टॉवेल मिळत नाही म्हणून आईला आणायला सांगितला. झालं समाधान?

तू कॉलेज सोडलंस त्या दिवशीही असंच एक बघून दहा ठरवलं होतंस. वर्गातला तो पोरगा माझ्या वहीबद्दल बोलत होता, माझ्याबद्दल नाही. तू त्याला कानाखाली दिलीस, प्राचार्यांशी भांडलास, दुसऱ्या वर्षात दप्तर टाकून मळ्यात येऊन बसलास, आणि वर मला म्हणालास, तुझ्यासाठी केलं. मी मागितलं होतं का?

इथे थंडी फार आहे. पोरी सकाळी नागलीच्या पेंढ्याची शेकोटी करून बसतात. पुढच्या खेपेला काळूबरोबर थोडा झेंडू पाठव, शाळेच्या दाराला लावीन. आणि आईकडे सारखा जाऊ नकोस. तिला कामं आहेत.

मोहिनी

•

लहवित, ता. १४ जानेवारी

मोहिनी,

झेंडू पाठवलाय, दोन किलो. तुमच्या हेडमास्तरांच्या सत्कारालाही वापर. फक्त एक सांग, भागीबाईंना टोपी शोभेल का?

काळूला विचारलं मी. तो हसायलाच लागला. म्हणाला, भो, तिथं हेडमास्तर बाई हाय, भागीबाई नाव, आन् तिला अजून दहा वर्षं तरी कोणी रिटायर करत नाय. तू माझ्याशी भांडलीस, मला ब्लॉक केलंस, ते सगळं मी खाली मान घालून ऐकलं. पण खोटं तू आजवर कधी बोलली नव्हतीस. म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहेच.

तू नको म्हणालीस तरी मी गेलो कॅम्पात. घरात नाही गेलो. समोरच्या बेकरीवर पाव घ्यायला उभा राहिलो, तासभर. तासभर पाव कोण घेतं, असं बेकरीवाल्यानंही विचारलं. काल आणि आज, दोन्ही दिवशी तुमच्याकडे एक माणूस आला. बगलेत फाईल. बूट पॉलिश केलेले. काकू त्याला दारापर्यंत सोडायला आल्या. मला आजवर ओट्यापर्यंतही कोणी सोडलेलं नाही. मग चौकशी केली. ललित नाव, वीरस्तंभाच्या कार्यालयात नोकरीला, लग्न व्हायचंय.

आज खिडकीपाशी गेलो, तिथून एवढं दिसलं की मशीनवर एक पाकीट आहे, त्यावर पलीकडच्यांची लिपी आहे आणि दोघं त्यावर वाकून बसलेत. मोहिनी, शत्रूच्या देशातून तुझ्या घरी पाकीट कसं येतं?

मला दोनच अर्थ लागतात. एक, टॉवेल-टोपी ललितला आहे, तुझी सोयरीक ठरते आहे, आणि हे मला काळूकडून कळावं असं तुम्ही ठरवलंय. दोन, टॉवेल-टोपी त्या पाहुण्याला आहे. शहिदाची बायको मारणाऱ्याला टोपी घालते, असा एक फोटो जगभर छापायचाय आणि काकूंना त्यासाठी तयार केलं जातंय. दोन्हीतला कोणता अर्थ जास्त वाईट, ते माझं मलाच ठरत नाही.

आमच्या राजूनं ग्रुप काढलाय, सातशे पोरं झाली. दोन तारखेला रस्त्यावर काळे कपडे घालून उभं राहायचं. मी पुढे असणार आहे.

धनराज

•

आश्रमशाळा
ता. १८ जानेवारी

धनराज,

हो, खोटं बोलले. चुकलं. पण खरं आत्ता सांगणार नाही. ते माझं एकटीचं नाही.

ललितचं माझ्याशी काही नाही. मी त्याला एकदाच बघितलंय आणि तेव्हा तो आईच्या हातचं थालीपीठ खात होता. पुढचं वाक्य नीट वाच. दोन तारखेपर्यंत गप्प बस. आमच्या घरासमोर उभा राहू नकोस, राजूला काही सांगू नकोस, कोणाला विचारू नकोस. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे मागते आहे.

आणि तो यावा की न यावा, यावर तू फार लिहिलं आहेस म्हणून मीही लिहिते. माझी आजी वारली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बांधावरून आमचं आणि चुलत आजोबांचं, चिमाजीबाबांचं, वीस वर्षं बोलणं बंद होतं. कोर्टात एकमेकांची डोकी फुटायची तेवढी बाकी होती. आजीच्या मैतीला ते आले. मला वाटलं आता मारामारी होणार. कोणी जागचं हललं नाही. कोणी त्यांना अडवलं नाही, ‘या’ म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. ते आजीच्या पायाशी बसले, तोंड बघितलं, उठले, गेले. मी आईला विचारलं, ह्यांना कशाला येऊ दिलं? ती म्हणाली, “मैतीला आलेला वैरी आडवू नाय. त्याला बघू द्यावं. न येनं त्याला लय सोपं असतं.”

तू ज्याला मान म्हणतोस, तो मान नाही. त्याला ती सातवी ओळ डोळ्यांनी वाचायला लावणं आहे. तो नाही आला तर तो सुटला.

एवढंच. झेंडू छान होता. भागीबाईंनी अंबाड्यात माळला.

मोहिनी

•

लहवित, ता. २१ जानेवारी

मोहिनी,

मैतीची गोष्ट चांगली आहे. पण चिमाजीबाबांनी तुझ्या आजीला मारलं नव्हतं.

‘आत्ता सांगणार नाही’, ‘माझं एकटीचं नाही’. मग कोणाचं आहे? ललितला माहीत, काकूंना माहीत, तुला माहीत. ज्याला माहीत नाही तो मी एकटा. काल पुन्हा तो आला होता. या खेपेला पेढ्यांचा पुडा होता हातात.

आज पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज दिला. राजूच्या ग्रुपसारखी बोंबाबोंब नाही, सहीनिशी लेखी. शत्रूच्या देशातून या घरी पाकिटं येतात. स्मारकाच्या कार्यालयातला ललित फायली बाहेर नेतो. त्यानं काकूंपुढे कॅम्पाचा नकाशा उलगडलेला मी पाहिला. काकूंचं मी वाईट चिंतत नाही. त्या भोळ्या आहेत, त्यांना कोणीतरी वापरतंय, तेही लिहिलंय.

तू रागावशील. नंतर आभार मानशील.

धनराज

•

आश्रमशाळा
ता. २४ जानेवारी

धनराज,

तुझं पत्र यायच्या आधी आईचा निरोप आला. काल चार माणसं येऊन गेली. पाकीट नेलं. मशीनचे खण उपसले, वर्दीच्या पट्ट्या जमिनीवर टाकल्या. ललितला कामावरून घरी बसवून चौकशी चालू आहे. आईचं नाव यादीतून काढलं.

कोणती यादी, ते आता ऐक. आता लपवण्यासारखं तू काही ठेवलं नाहीस.

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या एका म्हाताऱ्याचं पत्र स्मारकाच्या कार्यालयात आलं. तो त्यांच्या सैन्यात प्रेतं उचलायचा. आता त्याला मरायच्या आधी मनावरचं ओझं उतरवायचंय. त्यानं लिहिलं, चौकी पडल्यावर तुमचे तीन जण आम्ही उताराखाली पुरले, दोन काळ्या खडकांच्या मध्ये. एकाच्या दंडावर देवनागरीत नाव गोंदलेलं होतं, ती अक्षरं त्यानं तेव्हाच उतरवून ठेवली होती. ते नाव माझं होतं, धनराज. मी झाले तेव्हा बाबांनी त्र्यंबकच्या जत्रेत गोंदवून घेतलं होतं. पत्रासोबत त्यानं जागेचं चित्र काढून पाठवलं. तू ज्याला कॅम्पाचा नकाशा म्हणून लिहून आलास, तो हा. तू तो उलगडलेला पाहिलास? आई म्हणते, पाकीट पेटीतून काढलं तेव्हापासून त्या कागदाची घडी एकदाही मोडली नव्हती. फाटेल म्हणून.

ती जागा त्यांच्या हद्दीत आहे. तिथे जायला परवानगी एकच माणूस देऊ शकतो, आणि तो दोन तारखेला इथे येतोय. फुलं वाहून झाली की घरच्या लोकांची रांग. आई तिसरी. दोन मिनिटं, दुभाषा सोबत. ललितनं वर्षभर खेटे घालून तेवढं मिळवलं. अट एकच होती, आधी कुठे वाच्यता नको. बाहेर कळलं तर पलीकडचेच तिचं नाव कापतील. म्हणून मी खोटं बोलले. आईचं नाव नक्की झालं म्हणून त्यानं पेढे आणले होते.

टॉवेल-टोपी बाबांसाठी आहे. मैताच्या अंगावर नवा कपडा घालायचा असतो, तो आजवर कोणी घातलेला नाही. हाडं हातात आली तर त्यांच्यावर घालायला तिनं तो घेतला. नारळही त्यासाठीच. म्हणूनच झाकला. मेलेल्याचं सामान आल्यागेल्याला दाखवत नाहीत.

सतरा वर्षं कागदावर ती विधवा आहे आणि कपाळावर कुंकू आहे, आणि लोक काय म्हणतात ते तू माझ्याच तोंडून ऐकलं होतंस.

मला पुन्हा लिहू नकोस. काळू तुझं पत्र घेणार नाही, त्याला सांगितलंय.

मोहिनी

•

लहवित, ता. १ फेब्रुवारी

मोहिनी,

काळूनं खरंच घेतलं नाही. पोस्टात टाकतोय. माफी मागायला लिहीत नाही, काय झालं ते तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय.

तुझं पत्र पंचवीसला मिळालं. तसाच पोलीस ठाण्यात गेलो, अर्ज मागे घ्यायचा म्हणून. साहेब म्हणाले, हा काय मापात न बसलेला शर्ट आहे का, परत घ्यायला? मी म्हटलं, त्यात एक गोष्ट खोटी आहे. मी नकाशा बघितला नव्हता. बंद कागद बघितला होता. त्यांनी विचारलं, मग उघडा का लिहिलास? मी म्हटलं, बंद कागदासाठी तुम्ही त्या घरी गेला नसतात.

हे तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मलाच माझं पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

त्यांनी ते माझ्या हस्ताक्षरात लिहून घेतलं. कारण काय, तेही लिही म्हणाले. मी लिहिलं, मत्सर. दोन दिवस बाकावर बसवून ठेवलं. आता खोटी माहिती दिल्याची केस माझ्यावर आहे, मार्चमध्ये तारीख आहे. राजूनं ग्रुपवर माझा फोटो टाकला, गळ्यात चपलांचा हार जोडून, खाली ‘विकला गेला’. तसलाच फोटो दुसऱ्या कोणाचा असता, तर महिन्यापूर्वी मीही त्याला अंगठा दिला असता. मी घरी आलो की वडील उठून फुलं तोडायला जातात, उन्हाची वेळ असली तरी.

ललितला परवा कामावर घेतलं. काकूंचं नाव काल दुपारी परत लागलं, आता तिसरं नाही, शेवटचं. वेळ उरला तर. पाकीट मिळालं, पण चित्र केसच्या कागदांत अडकलंय, ते निकालापर्यंत सुटत नाही. तेही माझ्यामुळे.

तो यावा की न यावा, असं तू आता मला विचारणार नाहीस. मी मात्र आठवडाभर हेच विचारतोय. तो आला नाही तर काकूंनी विचारायचं कोणाला, याच्यापुढे माझी अक्कल जात नाही. माझा राग गेलेला नाही. पण तो राग घेऊन मी सगळ्यात आधी कोणाच्या घरात पोलीस घुसवले, तेही माझ्यासमोर आहे.

आज सकाळी काकूंकडे गेलो. दार उघडंच होतं. त्यांनी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मशीनवर अस्तराच्या कापडाचा तुकडा होता आणि शिंप्याच्या खडूनं त्या त्यावर ते चित्र आठवून काढत होत्या. दोन खडक झाले होते, उतार काढायचा राहिला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बेकरी, खिडकी, अर्ज. मत्सर हा शब्दही सांगितला.

त्यांनी मान वर केली नाही. खडू चालू होता. विचारलं, “तू पाह्यलं व्हतं का उघडून?”

नाही म्हटलं.

“मंग ठीक हाय. पाह्यलं असतं तर मला उताराचं इचारता आलं असतं. डाव्या अंगाला व्हता का उजव्या, तेच आठवंना.”

मला वाटलं होतं त्या शिव्या देतील. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो, मोहिनी. याची नव्हती.

मग त्यांनी खडू ठेवला, पदर सारखा केला आणि भिंतीकडे बोट केलं. कॅलेंडरखाली उभा राह म्हणाल्या. मला कळेना. त्या म्हणाल्या, “महिना झाला पाठ करते. पन समोर मानूस नसला का शब्द हलके पडत्यात. तू तो व्हय.”

मी म्हटलं, काकू, मी नको.

“दुसरं कोन हाय घरात?”

उभा राहिलो. त्या दारापाशी गेल्या, तिथून रांगेत चालल्यासारख्या सहा पावलं आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. वर बघितलं. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे.

“माझा मानूस तुमच्याकडं हाय. देवराम नाव त्याचं. दंडावर पोरीचं नाव हाय. त्याला ठिवला तिथं मला जाऊ द्या, मी घिऊन येते.”

आवाज चढला नव्हता. शिवायला टाकलेला कपडा मागावा, तसं मागत होत्या. त्या माणसाचं काय करायला पाहिजे, हे मी महिनाभर ओरडून सांगत होतो. त्याच्या जागी उभं केल्यावर मी नुसता खाली बघत राहिलो. त्या थांबून राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दोनदा फिरला.

“असंच करंल तो,” त्या म्हणाल्या. “खाली बघंल.”

मी विचारलं, मग तुम्ही काय कराल?

“परत इचारीन.”

आणि दारापाशी गेल्या. पुन्हा सहा पावलं. पुन्हा तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिसऱ्या खेपेला मला राहवेना. काकू, माझं चुकलं, असं म्हणायला लागलो. त्यांनी हात वर केला.

“तू नको बोलू. तो बोलनार नाय.”

किती वेळा झालं ते मोजलं नाही. कॅलेंडरचा कोपरा मानेला टोचत होता, पण हलणं मला जमलं नाही. शेवटी त्या मशीनपाशी जाऊन बसल्या, खडू उचलला आणि कापडावर उतार काढायला घेतला. आधी डाव्या बाजूला. मग हातानं झटकून पुसला. मी तिथे आहे की नाही, हा प्रश्न आता त्यांच्यापुढे नव्हता. मी भिंतीपासून सुटलो, चपला हातात घेतल्या, बाहेर आलो आणि आवाज होणार नाही असं दार ओढून घेतलं.

धनराज